साठ फेऱ्यांची कॉइल

"सात, आठ, नऊ, धा... गोदाई."

मी दुकानाच्या पायरीखाली उभी होते. हातात पिशवी, पिशवीत सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी, आणि पुढे पाय टाकायची छाती होत नव्हती. आत आण्णा, माझे वडील, माझ्याकडे पाठ करून तार गुंडाळायच्या फर्म्यापुढे बसले होते. उजव्या हाताने फर्म्याची मूठ फिरत होती आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून तांब्याची तार सुळसुळत लाकडी फर्म्यावर चढत होती.

"येक, दोन, तीन..."

पुढच्या दहाला ते म्हणाले, "पारू."

पारू म्हणजे माझी आई. आण्णांनी आईला नावाने हाक मारलेली मी जन्मात ऐकली नाही. घरात ती एकतर "ऐकलं का" नाहीतर "अरविंदाची आई". तिचं नाव घ्यायचं ते फक्त इथे, मूठ फिरवताना. लहानपणी आई जेवणाचा डबा घेऊन आली आणि नेमकं तेव्हाच तिचं नाव आलं, की ती पदर तोंडाला लावायची. आम्ही पोरं तिला त्यावरून फार छळायचो.

हे सगळं काय, ते आधी सांगते. सांगोल्यात माझे वडील भानूमिस्त्री. जळालेल्या मोटारी भरून द्यायचा त्यांचा धंदा. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती बैलगाडीत, सायकलच्या कॅरियरवर, कधी दोघांत काठीला लटकवून घेऊन यायचा. आण्णा आतली जळकी तार काढायचे, नवी तार फर्म्यावर गुंडाळून कॉइली करायचे, त्या मोटारीत बसवायचे, वार्निश पाजायचे, वाळवायचे. कॉइलला फेरे ठरलेले. साठ म्हणजे साठ. कमी पडले की मोटार करंट जास्त ओढते, तापते आणि पुन्हा जळते.

आता गंमत अशी, की आण्णांची शाळा दुसरीपर्यंत. दहाच्या पुढे त्यांचं मोजणं घसरायचं. मिरजेला काम शिकायला होते तेव्हा यापायी त्यांनी उस्तादाच्या पुष्कळ थपडा खाल्ल्या. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. दहा फेरे झाले की एक नाव घ्यायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. आधी स्वतःच्या आईचं, मग बायकोचं, मग पोरांची जन्माच्या क्रमाने. गोदाई, पारू, सुमन, किसना, शालन, अरविंद. सहा नावं झाली की साठ फेरे. सत्तरची कॉइल असली की सातवी आमची म्हैस, चंद्री. अरविंद झाला तेव्हा सुईण सांगायला दुकानात आली आणि साठ पुरे होईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. तोवर सहावं नाव चंद्रीचंच होतं. दुसऱ्या दिवसापासून चंद्री एक घर खाली सरकली.

"धापतूर माझा भरवसा, फुडं घरच्यांचा," असं आण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे.

किसना माझ्याआधीचा. अडीच वर्षांचा होऊन तापात गेला, मी जन्मायच्या आधी. त्याचा फोटो नाही, कपडा नाही. मी त्याला ओळखते ती त्या मोजणीतून. पोरगा गेल्यावर आण्णांनी त्याचे दहा काढले नाहीत. सोयरे म्हणायचे, गेलेल्या पोराचं नाव रोज कशाला घेतोस. आण्णा म्हणायचे, "त्याची जागा हाय ती. ऱ्हाऊ दे."

मी पायरीखाली उभी होते ती याच्याचसाठी. किसनाच्या पुढचं नाव माझं. आणि पंधरा महिन्यांपूर्वी मी असं काही करून बसले होते, की ते नाव अजून आहे का गेलं, हे कानाने ऐकल्याशिवाय मला आत जायचं नव्हतं.

केलं ते असं. माझी साखरपुड्याची साडी आली होती. स्थळ आबा वाघमोड्यांच्या हणमंताचं. आबा म्हणजे आण्णांचा जिवाचा माणूस. दोघं लहानपणी एका विहिरीत पोहायला शिकले, एका वर्षी दोघांची लग्नं झाली. आबांची डाळिंबाची बाग, आण्णांचं दुकान, आणि मधे आमची दोघांची जोडी लावून दिली की दोघांना धन्य वाटणार होतं. मला कुणी विचारलं नाही, असं मी म्हणणार नाही. आण्णांनी विचारलं होतं. "शालन, हणमंत चालंल न्हवं?" आणि मी, जिचं तोंड घरात सगळ्यात फाटकं, मान खाली घालून "हूं" म्हणाले. तेव्हा मी सोलापूरला नर्सिंगचा कोर्स संपवत होते आणि तिथल्या एक्सरे खात्यातल्या सुधाकरबरोबर वर्षभर चहा पीत होते. सांगायला तोंड होतं, हिंमत नव्हती. लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा हिंमत आली, पण सांगायची नाही, पळायची आली. सोलापूरला रजिस्टर लग्न केलं आणि घरी पत्र टाकलं.

आजही माझी चूक मी सुधाकरशी लग्न केलं ही मानत नाही. तो "हूं" ही माझी चूक.

पत्र आलं त्या दिवशी आबा दुकानात येऊन बसले. आईने नंतर सांगितलं, आण्णा उठून त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "आबा, माझ्या पोरीनं तुझी मान खाली घातली. आजपासनं तिचं नाव ह्या तोंडात यायचं न्हाई." आबा म्हणाले, "बरं." आणि उठून गेले.

आण्णांनी दिलेला शब्द म्हणजे संपलं. एकदा बोलून गेले म्हणून घरच्या विहिरीवरची मोटार काढून त्यांनी वाढेगावच्या एका म्हातारीला आठ दिवस वापरायला दिली होती. तिची दुरुस्त होईपर्यंत तिचा मका जळला असता. आठ दिवस आम्ही पोहऱ्याने पाणी शेंदलं, चंद्रीला सुद्धा. आई त्यांना बोलत होती आणि शेंदत होती. आण्णा संध्याकाळी येऊन स्वतः पन्नास पोहरे काढायचे आणि वर आईला म्हणायचे, "हाताला येवढा येयाम बरा असतुया." मग रविवारी भजी आणायचे, तिचा राग जावा म्हणून. उरलेल्या तारेची आम्हाला सायकल करून द्यायचे, चाकं फिरणारी. माझी अजून आहे.

तर पंधरा महिने गेले. पत्र नाही, माणूस नाही. आणि मग आमच्या शेजारच्या वत्सलाकाकी नातीला दाखवायला सोलापूरला आल्या तेव्हा माझ्या वॉर्डात येऊन आईचा निरोप देऊन गेल्या. निरोप एवढाच होता: "ये. मोटारी जळाय लागल्यात."

मला अर्थ लागला नाही. मोटारी जळल्या तर मी काय करणार, मी काय लाइटवाली आहे? पण आई उगाच शब्द खर्चणारी बाई नाही. मी सुट्टी टाकली आणि एसटीत बसले.

पायरीखाली उभी राहून मी पाहिलं, तर दुकान ओळखू येईना. चैत्र लागला की आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पंधरा-पंधरा मोटारी ओळीने, बाहेर लिंबाखाली गाड्या सोडलेल्या, लांबून आलेल्यांसाठी आईची भाकरीची पाटी. आता आत तीन मोटारी होत्या. लिंबाखाली एकच गाडी होती. आणि आत बाकावर, गुडघ्यावर टोपी ठेवून, आबा वाघमोडे बसले होते.

आबांनी मला पाहिलं. मी पदर सारखा केला. ते ना हसले, ना त्यांनी तोंड फिरवलं. बोलले मात्र नाहीत, कारण आण्णा मोजत होते, आणि आण्णा मोजत असताना कुणी बोलत नाही हे सांगोल्यात कुत्र्यामांजराला माहीत.

"...नऊ, धा. सुमन."

आता मधे एकटा किसना होता.

"येक, दोन, तीन, चार..." मूठ फिरत होती. आण्णांची मान बारीक झाली होती. सदऱ्याची कॉलर मागे उलटलेली, ती सारखी करायला कुणी नव्हतं. अरविंद तार आणायला सांगलीला गेला होता. वार्निशचा वास बाहेरपर्यंत येत होता, आणि खरं सांगते, त्या वासाने मला जेवढं रडू आलं तेवढं पत्र टाकताना आलं नव्हतं.

"...आठ, नऊ, धा. किसना."

पुढचं माझं.

आण्णा गप्प झाले. मूठ फिरत होती, पण आवाज नव्हता. एक नाही, दोन नाही. ओठ मिटलेले असणार, कारण गालाचं हाड पुढे आलेलं मला मागून दिसत होतं. मी मनात मोजत होते. मूठ फिरली, फिरली, मधेच अडखळली, पुन्हा फिरली आणि ते एकदम म्हणाले, "येक, दोन, तीन..." आणि पुढच्या दहाला, "अरविंद."

त्यांनी कॉइल दोऱ्याने बांधली आणि बाजूला ठेवली.

त्या गप्प जागेत मी चार फेरे मोजले होते. दहा नाही, चार.

आईचा निरोप मला तेव्हा कळला. आण्णांनी माझं नाव तोंडातून काढलं होतं, पण नावाबरोबर माझे दहा फेरे सुद्धा जात होते. कधी चार होत होते, कधी आठ, कधी एकही नाही. बोलून मोजायचं तर दहाव्याला माझं नाव येणार. म्हणून ते तेवढा भाग मुक्याने करत होते, आणि मुक्याने त्यांना मोजता येत नव्हतं.

मी आत गेले. चप्पल काढली, पिशवी ठेवली. "आण्णा," म्हटलं.

आण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. मग दुसऱ्या कॉइलसाठी तारेचं टोक फर्म्यात अडकवायला लागले. टोक अडकेना.

"तिसऱ्यांदा आणलीया मोटार," आबा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते का भिंतीशी, कळत नव्हतं. "पयल्यांदा भरली, बारा दिस चालली. दुसऱ्यांदा नऊ. बदलीची दिल्याली, ती बी गेली. बागंला तीन दिस पाणी न्हाई. कळी गळाय लागलीया."

"लाइटीचा दाब कमीजास्त हुतोय," आण्णा म्हणाले.

"सगळ्यांच्याच लाइटीचा दाब तुझ्याच मोटारीवर कसा पडतोय भानू? लोक पंढरपूरला निघाल्यात. हणमंत सकाळी म्हनला, आपुन बी तिकडंच न्हिऊया. मी म्हनलं, एकडाव अजून बघू." आबांनी टोपी गुडघ्यावरून उचलली आणि परत ठेवली. "ह्या बारीला गेली तर मला बी जावं लागंल. तुला तोंडावर सांगतो, मागनं न्हाई."

आण्णांनी मान हलवली. तीस वर्षांत त्यांच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. भानूमिस्त्रीने भरलेली मोटार पाच वर्षं उघडायला नको, असं आमच्या तालुक्यात म्हणायचे. आता तोच माणूस आपल्या दुकानात मान खाली घालून ऐकत होता. मला ते पाहवेना, आणि मला पाहवत नाही तेव्हा राग येतो. माझा स्वभावच तो.

कोपऱ्यात आबांच्या मोटारीतून काढलेल्या जळक्या कॉइलींचा ढीग होता. काळ्या पडलेल्या, छिन्नीने कापलेल्या. मी त्यातली एक उचलली. पक्कड घेतली आणि खाली बसून कापलेल्या तोंडाशी एकेक तार सोडवायला लागले.

"काय करतीयास?" आबांनी विचारलं.

"मोजते."

आण्णांचे हात थांबले. पण ते "नको" म्हणाले नाहीत. त्यांना ठाऊक होतं की मला मोजता येतं. दहा वर्षांची असल्यापासून जळक्या कॉइली मोजून द्यायचं काम माझंच होतं.

मी मोठ्याने मोजलं. "पन्नास," म्हणाले आणि कॉइल आण्णांपुढे ठेवली. दुसरी घेतली. साठ, ती बरोबर होती. तिसरी त्रेपन्न. चौथी पन्नास. पाचवीला मी थांबले. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले आहे ते. गिऱ्हाइकापुढे, आणि गिऱ्हाईक कोण तर आबा, मी माझ्या बापाची चूक एकेक करून मांडून दाखवत होते. मी पक्कड खाली ठेवली.

आण्णांनी त्रेपन्नची कॉइल हातात घेतली. अंगठ्याने तारा चाळल्या. बराच वेळ चाळत राहिले. "मला वाटलं तार खराब यायला लागली," ते म्हणाले. "सांगलीचा दुकानदार बदलला. म्हनलं तार खराब."

"तार खराब नाही आण्णा."

"मग फेरं कुठं गेलं?" आबा म्हणाले. "भानू, तुझा कधी येक फेरा चुकल्याला न्हाई. धा-धा फेरं कुठं जात्यात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, फर्म्याकडे पाहिलं, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. गोदाई, पारू, सुमन. आण्णांची मोजणी त्यांना पाठच होती, तीस वर्षं ते या बाकावर बसत होते. किसनापाशी ते थांबले. मघाशी आण्णा जिथे थांबले, तिथेच.

"आरं भानू," आबा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "आरं, ते तू इथं सुदीक पाळलंस?"

आण्णा म्हणाले, "तोंड येकच हाय माझं. घरात येगळं आन् दुकानात येगळं कुठनं आणू?"

मी तिथेच रडले. आवाज न करता नाही, चांगली मोठ्याने रडले. रडता रडता म्हटलं, "किसना जाऊन पंचवीस वर्षं झाली त्याचे दहा ठेवलेत, आणि मी जिवंत असून माझे काढले." हे बोलायला नको होतं. पण पंधरा महिने आत धरलेलं होतं ते.

आण्णांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. हात तेलकट होते, गालावर काळा पट्टा उमटला.

आबा बाकावरून उठले आणि आण्णांच्या पुढ्यात उकिडवे बसले. "भानू, तो शब्द मी तुझ्याकडं मागितला हुता का?"

"न्हाई."

"मी बरं म्हनलो ते रागात म्हनलो. राग हुता मला. का नसंल? पत्रिका वाटून झाल्या हुत्या. पर आता हणमंताच्या घरात पाळणा हलाय आलाय. ती पोरगी बी लाखात येक हाय. म्या राग कुठवर पोसू? घे पोरीचं नाव."

"शब्द हाय आबा."

"मलाच दिल्याला हाय न्हवं? मग मी म्हनतोय, माघारी घे." आण्णा हलेनात, तेव्हा आबा चिडले. "लेका, तिकडं माझी आठशे झाडं वाळाय लागल्यात. बाग वाळवू का तुझा शब्द वाळवू, ते तूच सांग."

आण्णांना हसू आलं. थोडंसंच, नाकातून. मग त्यांनी मघाची बांधलेली कॉइल उचलली, दोरा तोडला आणि सगळी तार उलटी सोडून रिळावर गुंडाळून घेतली. टोक फर्म्यात अडकवलं. या वेळी ते एका दमात अडकलं.

"येक, दोन, तीन..."

मी खांबाला धरून उभी राहिले. आबा खालीच बसले होते. गोदाई झाली. पारू झाली. सुमन झाली. माझा भाऊ झाला, जो मी पाहिला नाही.

"येक," आण्णा म्हणाले. "दोन. तीन." प्रत्येक फेरा सावकाश. "आठ. नऊ. धा."

मूठ थांबली. कॉइलच्या मधे मूठ थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

"शालन."

आणि लगेच पुढे, रोजच्यासारखं, "येक, दोन, तीन..."

आबांच्या मोटारीला अठरा कॉइली लागायच्या. अठराही त्यांनी त्या दिवशीच केल्या, मधे जेवले सुद्धा नाहीत. अठरा वेळा माझं नाव घेतलं. पहिल्या पाच-सहा वेळा मी रडले, मग रडायचं थांबलं, मग मी केर काढला, आबांना चहा करून दिला, आई आली तेव्हा तिच्या गळ्यात पडले. आईने मला लांब धरून विचारलं, "घेतलं का?" मी हो म्हटलं. तिने पदर तोंडाला लावला.

अठरावी कॉइल बांधून झाल्यावर आण्णा मान न वळवता म्हणाले, "शालन, पाणी दी गं."

त्यांनी गाल धुतला तरी तो काळा पट्टा गेला नव्हता. घरी निघताना त्यांनी विचारलं, "त्याचं नाव काय म्हनलीस?"

"सुधाकर."

"लांब हाय. मोजताना तोंडात बसायचं न्हाई," ते म्हणाले. पण बसवलं त्यांनी. ऐंशीची मोटार आली की आठवा सुधाकर. सुधाकर अजून सासुरवाडीवर तणतणतो, की तुमच्या घरात माझा नंबर म्हशीच्या खाली.

आबांची ती मोटार सतरा वर्षं चालली.

आण्णा गेले त्यानंतर दीड वर्षाने ती जळून दुकानात आली. आबाही तोवर गेले होते, हणमंताचा मुलगा ट्रॅक्टरमध्ये घालून घेऊन आला. मी त्या आठवड्यात आईकडे होते. दुकान आता अरविंदचं. फर्म्याला आकडे दाखवणारं यंत्र आहे, साठ झाले की टूं करतं. अरविंदने मोटार उघडली, छिन्नी लावली आणि मला हाक मारली. "ताई, आण्णांच्या हातची हाय. तू मोजतीस?"

मी खाली बसले. तोच कोपरा, तीच पक्कड. एकेक तार सोडवत मी त्यांच्यासारखं मोजलं, दहाला एक नाव घेत. गोदाई आम्ही लहान असतानाच गेली. पारू घरात निजली होती, तिला आता ऐकू येत नाही. सुमन नागपूरला. किसना. माझं नाव मी स्वतःच्या तोंडाने घेतलं. अरविंद समोर उभा होता, त्याचं नाव आलं आणि तार संपली. साठ. दुसरी कॉइल साठ. तिसरीही साठ. एक फेरा इकडेतिकडे नाही.

चौथी हातात घेतली आणि मी थांबले.

"काय झालं?" अरविंदने विचारलं.

"अरविंद, यात आण्णांचं नाव नाही रे."

तो बघत राहिला. त्याच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांची मोजणी मी चाळीस वर्षं ओळखते. रोज वीसदा, पंचवीसदा ऐकत वाढले. म्हैस होती, जावई सुद्धा होता, आणि भानुदास कुठेच नव्हता. मी एकदाही विचारलं नाही की आण्णा, तुमचे दहा कुठे आहेत. माझे दहा काढले म्हणून मी त्यांना दुकानात आबांपुढे बोलले होते.

"आपण घालू या," मी म्हटलं. "या मोटारीत घालू."

"साठाची मोटार हाय ताई," अरविंद म्हणाला. "सत्तर केलं तर पाणी उचलणार न्हाई. जागाच नसतीया."

ते मला माहीत होतं.

त्याने यंत्राची वायर काढून ठेवली आणि मला मूठ दिली. मी फिरवली, तो तार धरून बसला, दोघं मिळून मोजलं. सहा नावं झाली, साठ झाले, मूठ थांबवली. अरविंद तार तोडणार होता. मी त्याचा हात धरला आणि फेरा न वाढवता, एकदाच, म्हटलं, "आण्णा."

मग त्याने तार तोडली.